परकं नाक

माझ्या आईने आयुष्यात कधी मासा खाल्ला नाही, पण दांडीतल्या हिरामावशीच्या सुक्या बोंबलांची शेवटची परीक्षा तीच घ्यायची. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत. ज्या कामावर माझं घर उभं राहिलं, ज्या कामामुळे कधी न पाहिलेल्या गावांतली माणसं मला नावाने ओळखतात, त्याचं मूळ शोधायला गेले तर ते मला कुठल्या कॉलेजात सापडत नाही. ते सापडतं आमच्या त्या दोन खोल्यांच्या मागच्या दारात. तिथे आई पदर हातात धरून उभी असायची आणि समोर हिरामावशी गाठोड्याची गाठ सोडत बसलेली असायची.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील बोईसरला औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. बोईसरच्या हवेत त्यांचा खोकला काही केल्या जाईना, म्हणून समुद्राच्या अंगाला, दांडीत, हिरामावशीच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. 'खोकला गेला आणि वास आला,' असं आई पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिली. अंगणापलीकडे बांबूच्या मांडवांवर दोऱ्या ताणलेल्या असायच्या आणि त्यांवर बोंबील, दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून, जोडीजोडीने टांगलेले. वारा सुटला की ती सगळी रांग सळसळायची. होड्यांच्या इंजिनांची टकटक, लिलावातल्या बायकांचा आरडाओरडा, कावळ्यांना घातलेल्या शिव्या, असा दिवसभर कालवा. त्यात वडिलांची तिसरी पाळी असली की आमच्या खोल्यांत मात्र सगळे कुजबुजत बोलायचे. पहिला महिना आईने खिडक्या लावून काढला. चुलीशी बसून ती गावाहून आलेल्या ज्वारीच्या भाकरी थापायची, पिठलं घोटायची. पलीकडे मावशीकडे तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं कालवण शिजायचं. वडील आणि मी तिकडेही जेवून यायचो. चोरूनच, पण आईला पक्कं ठाऊक असलेलं चोरून. घरात शिरलो की ती न बघताच म्हणायची, 'आधी हात धुवा दोघं.'

त्या नाकाचा शोध असाच लागला. मावशीचा सुका माल टेम्पोने घाटावर जायचा, ठरलेल्या गिऱ्हाइकांकडे. एकदा अंगणात गाठोडी बांधून तयार होती आणि आई दळण घेऊन बाजूने चालली होती. तोंडाला पदर लावूनच ती थांबली आणि म्हणाली, 'हिराबाई, त्या तिसऱ्या गाठोड्यात काहीतरी ओलं आहे.' मावशीला आधी रागच आला. मासे न खाणारी बाई आपल्याला मासे शिकवते म्हणजे काय! पण गाठोडं सोडलं, तर तळाशी सात-आठ बोंबील नीट वाळलेले नव्हते. तसंच गेलं असतं तर घाट चढेपर्यंत सगळ्या गाठोड्याला बुरशी आली असती. त्या दिवसापासून पद्धतच पडली. माल बांधून झाला की मावशी एकेक गाठोडं आमच्या मागच्या दारी आणायची आणि म्हणायची, 'वहिनी, जरा नाक द्या तुमचं.' आई नाइलाज झाल्यासारखं तोंड करून पदर बाजूला घ्यायची, एकदाच हुंगायची आणि निकाल द्यायची. मनातून तिला ते फार आवडायचं. गावाकडे कुणी तिला कशातच विचारलं नव्हतं.

मी पालघरला डिप्लोमा करून घरी बसले होते. वडिलांच्या ऑफिसने टाकून दिलेला एक संगणक आमच्याकडे आला होता, आणि फोनच्या तारेतून रडतखडत येणारं इंटरनेट. तेवढ्यावर मी एका उद्योगात शिरले होते. घरच्यांना तो काही केल्या समजावून सांगता येत नव्हता. केरळातल्या मॅथ्यू नावाच्या एका गृहस्थांनी एक फ्रेमवर्क लिहिलं होतं. शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांना आपापल्या नोंदवह्या संगणकावर उभ्या करता याव्यात म्हणून केलेली ती तयार चौकट. कुणीही घ्यावी, कुणीही आतलं उघडून बघावं, सुधारावं, पुढे द्यावं. वस्तू सोन्यासारखी, पण आपल्या मशीनवर बसवायची म्हणजे दोन दिवसांची पूजा. हे आणा, ते आणा, हे अमुक जागी ठेवा, ते तमुक नावाने. निम्मी माणसं मध्येच सोडून द्यायची आणि उरलेली मॅथ्यूसरांना पत्रं लिहून पिडायची.

त्यावर उपाय होता, तो म्हणजे पॅकेज मॅनेजर. आपण एक ओळ लिहायची, की हा गडी दूरच्या सामायिक कोठारातून हवं ते सॉफ्टवेअर आणतो, त्याच्यासोबत लागणारं सगळं आणतो आणि जागच्या जागी लावून देतो. मात्र त्यासाठी आधी कुणीतरी ती वस्तू नीट बांधून, आत काय आहे, काय काय लागतं याची यादी करून, वर नंबर घालून कोठारात ठेवावी लागते. ते बांधणारं कुणी नव्हतं. मी बांधून दाखवलं. मॅथ्यूसरांनी लिहिलं की, पुढचा नंबर तुझ्या हातून जाऊ दे. नीट गेला तर कोठाराची किल्ली, म्हणजे तिथे माल ठेवायचा अधिकार, तुझ्याकडेच राहील, मी आता थकलोय. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की आईने विचारलं, 'कुणाचं गं एवढं?' तिला वेगळीच शंका आली होती.

वडिलांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'म्हणजे पॅकिंगच की! मग त्याला एवढं काय?' त्यांच्या ऑफिसात टायपिंगची एक जागा निघत होती आणि त्यांनी साहेबांच्या कानावर घालून ठेवलं होतं. 'दिवाळीपर्यंत तुझं ते कर. लागलं मार्गी तर ठीक, नाहीतर नव्या वर्षी टायपिंगला बस.' वडील कडक नव्हते, पण दिलेला शब्द आणि दिलेली मुदत त्यांच्याकडे सारखीच पक्की असायची. माझ्यापुरतं सगळं आता त्या एका पॅकेजवर आलं होतं. किल्ली मिळाली तर हे काम माझं, नाहीतर बोईसरच्या ऑफिसात दुसऱ्यांची पत्रं.

गणपती गेल्यानंतरच्या एका दुपारी मी दोन-एक, म्हणजे २.१ नंबरचं पॅकेज कोठारात ठेवलं. आधी माझ्या मशीनवर तीनदा चालवून पाहिलं होतं. लोण्यासारखं चालत होतं. आईने देवापुढे साखर ठेवली, कशासाठी ते न विचारता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली तक्रार आली. नोंदींच्या नमुन्यांचा फोल्डरच सापडत नाही, असं मशीन म्हणतंय. मी पुन्हा चालवून पाहिलं, चाललं. मी उत्तर लिहिलं, 'माझ्याकडे व्यवस्थित चालतंय, कृपया तुमची मांडणी तपासा.' दुसरी तक्रार आली, तिसरी आली, शब्दाला शब्द तेच. मी सगळ्यांना तेच उत्तर दिलं, आणि दरवेळी थोडं जास्त ताठ होऊन. आज ती उत्तरं वाचली की कान गरम होतात. (वाचते, कारण असल्या उघड्या तक्रारवहीत लिहिलेलं पुसता येत नाही. ती अजून तिथेच आहेत.) मग तिसऱ्या दिवशी नेपाळातल्या एका मुलींच्या वसतिगृहातून शिक्षिकेचं पत्र आलं. नव्यावर विश्वास ठेवून तिने जुनं काढून टाकलं होतं, आता दोन्ही नाही. परवापासून मुली येणार आणि त्यांची नावं लिहायला वही नाही. तिने भांडण केलं नव्हतं. फक्त विचारलं होतं, माझं काय चुकलं? आणि मी, देवा, तिलाही लिहिलं की तुमची मांडणी तपासा.

त्या दुपारी मी भाकरी पुढे घेऊन बसले होते आणि नुसते तुकडे मोडत होते. मागच्या दारी मावशी आली. तिच्यामागून तिची सून जयवंती, डोक्यावर गाठोडं घेऊन. जयवंतीने पहिल्यांदाच एकटीने सगळा माल बांधला होता. आईने हुंगलं आणि मान हलवली. 'ओल आहे.'

जयवंतीचं तोंड उतरलं. ती सासूला म्हणाली, 'असं कसं? मी दोनदा हुंगलं ना, आई. काय सुदिक वास नव्हता.'

'कुठं हुंगलंस?' मावशीने विचारलं.

'घरात. अजून कुठं?'

'मग? त्या घरात तुला काय वास येणार हाय? आपुन त्याच्यातच जन्मलो, त्याच्यातच झोपतो. आपल्याला आपल्या घरात वास येत नाय गो. मला पन येत नाय. म्हनून तर वहिनीचं नाक हाय.' आणि आईकडे वळून ती म्हणाली, 'नायतर काय तुमचं तोंड बघायला येते काय मी रोज?'

आई हसली. जयवंतीला रडू येत होतं तरी तीही हसली. मी मात्र घास तसाच हातात धरून बसले. माझ्याकडे चालतंय, माझ्याकडे चालतंय, म्हणून मी दीड दिवस जगाशी भांडत होते. आणि माझं मशीन म्हणजे मावशीचं घर होतं! त्यात सहा महिने ते फ्रेमवर्क शिजत होतं, त्याचे तुकडे कोपऱ्याकोपऱ्यात पडलेले होते. मी हात धुतला आणि मिळेल त्या रिक्षाने बोईसरला गेले.

बोईसरला नाक्यावर राकेश नावाचा एक जण संगणकाचा क्लास चालवायचा. कारखान्यांतून सुटलेली पोरं तिथे टायपिंग शिकायला यायची. त्याला मी म्हटलं, ज्याच्यावर मी कधीच काही केलेलं नाही असं एक मशीन तासभर दे. त्याला काही कळेना. 'दीदी, कल इसपे परीक्षा है, कुछ उल्टा-सीधा मत डालना,' असं दहादा बजावून त्याने कोपऱ्यातलं नुकतंच पुसून कोरं केलेलं मशीन उघडून दिलं. मी ती एक ओळ लिहिली. गडी गेला, पॅकेज आणलं, लावलं. चालवलं. आणि पडद्यावर तेच वाक्य आलं, जे सगळ्यांनी मला पाठवलं होतं.

चूक शोधायला मग दहा मिनिटं लागली. पॅकेज बांधताना काय आत घ्यायचं नाही याची एक यादी असते. माझी स्वतःची कच्ची कामं बाहेर राहावीत म्हणून मी एक फोल्डर त्या यादीत टाकला होता, आणि त्यासोबत खरे नमुनेही बाहेर राहिले होते. माझ्या मशीनवर सहा महिन्यांपूर्वी हाताने ठेवलेली जुनी प्रत होती, तिच्यावर सगळं चाललं होतं. राकेशने पाणी आणून दिलं. 'क्या हुआ, दीदी, फेल?' मी म्हटलं, हो. त्याच्याकडून परतताना मी त्याचे आभार मानायला विसरले, ते इथे मानते.

परतीच्या वाटेवर मी मनात बेत केला. दुरुस्त केलेलं पॅकेज दोन-एक याच नंबराने गुपचूप जुन्याच्या जागी ठेवून द्यायचं. नंतर येणाऱ्यांना बरोबर मिळेल, आधीच्यांना वाटेल त्यांचंच काहीतरी बिनसलं होतं. मॅथ्यूसरांना कळायचं कारण नाही. घरी आले तेव्हा वडील पहिल्या पाळीहून येऊन पाय धूत होते. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं, बेतासकट.

त्यांनी टॉवेल खाली ठेवला. 'त्याच नंबरावर दुसरा माल?'

'कुणाला कळणार नाही, आबा.'

'ज्यांनी आधी घेतलाय त्यांचं काय?'

त्यांना दुरुस्त केलेला माल पोचणारच नव्हता. उलट त्यांचं मशीन म्हणणार होतं की दोन-एक तर माझ्याकडे आहे, परत कशाला आणू? ती नेपाळची बाई कितीदाही मागू दे, तिला तेच मोडकं मिळत राहणार होतं.

'बॅचनंबर म्हणजे शब्द असतो, वैशू,' वडील म्हणाले. 'एका नंबरावर दोन माल निघाले की कुणाच्या पोटात काय गेलं ते देवालासुद्धा सांगता यायचं नाही. चुकलं ना? मग नवा नंबर घाल. आणि जुन्यावर मोठ्या अक्षरांत लिही, हा वापरू नका, माझ्याकडून चुकलाय. खाली सही कर.'

'सही कशाला?'

'आमच्याकडे करतात. मी केलीय एकदा.'

हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, मग साहेबांनी काय केलं? 'शिव्या घातल्या, सगळ्यांसमोर. आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर बसवलं.' टॉवेल उचलत ते म्हणाले, 'नसतं बसवलं तरी सही केलीच असती असं आता म्हणतो. त्या दिवशी पेन दोनदा खाली ठेवलं होतं.'

मी म्हटलं, किल्ली जाईल माझी. मग तुमचं ते टायपिंग. तेव्हा त्यांनी जे उत्तर दिलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते म्हणाले, 'गेली तर आपण दोघं मिळून रडू. पण आधी लिही.'

मी लिहिलं. दोन-दोन नंबरचं पॅकेज बांधलं, ते घेऊन पुन्हा बोईसरला जाऊन राकेशकडून पुन्हा पुसून घेतलेल्या कोऱ्या मशीनवर लावून पाहिलं, आणि चाललं तेव्हाच कोठारात ठेवलं. दोन-एकवर इशारा लिहिला. ज्यांना ज्यांना मी ताठ उत्तरं दिली होती त्या प्रत्येकाला वेगळं पत्र लिहून माफी मागितली. नेपाळच्या शिक्षिकेला सगळ्यात आधी. तिचं उत्तर तासाभरात आलं, वही उघडली, मुलींची नावं लिहायला घेतली. मॅथ्यूसरांना शेवटी लिहिलं, कारण सगळ्यात जास्त भीती तिथली होती.

दोन दिवस त्यांचं काहीच आलं नाही. त्या दोन दिवसांत आईने माझ्या आवडीचं सगळं केलं आणि मी काही खाल्लं नाही. मावशीला कुणीतरी सांगितलं असावं. ती येऊन म्हणाली, 'जयवंतीचं गाठोडं आमी परत वाळत घातलं. तुजं पन तसंच केलंस ना? मग जेव की गो बाय.' तिसऱ्या दिवशी पत्र आलं. चार ओळींचं. दोन-दोन शेजाऱ्याच्या संगणकावर घालून पाहिलं, चाललं. मी विचारण्याआधी चूक सांगणारं मला आजवर कुणी भेटलं नव्हतं. किल्ली तुझ्याकडेच राहू दे. मी ते पत्र मोठ्याने मराठीत करून वाचलं. वडील ऐकून फक्त 'हं' म्हणाले आणि चहा मागितला. टायपिंगच्या जागेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. ती कुणाला मिळाली हेही मला कळलं नाही.

प्रत्येक पॅकेजसोबत आभारांची एक छोटी फाइल जाते. पुढच्या, म्हणजे २.३ नंबरपासून मी तिच्यात तीन नावं घातली. माझ्या वडिलांचं, आईचं, आणि हिरामावशीचं, गावासकट. जगात कुठेही कुणी ती एक ओळ लिहिली की ही तीन नावं त्या मशीनवर उतरतात आणि कोपऱ्यात गप बसून राहतात. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'माजं नाव नेपाळात जाऊन काय करतंय?' मध्यंतरी कुणा नव्या उत्साही मुलाने सुचवलं की या तिघांनी एकही ओळ लिहिल्याचं दिसत नाही, तेव्हा नावं काढून टाकावीत. मी त्याला लांबलचक उत्तर लिहायला घेतलं, मग खोडलं आणि एवढंच लिहिलं की नावं राहतील.

आता माझे केस पांढरे झालेत. कोरं मशीन शोधायला बोईसरला जावं लागत नाही, ते संगणकाच्या आतच एका क्षणात आपोआप उभं राहतं, तपासतं आणि पुसलं जातं. किल्ली दोघींकडे असते, माझ्याकडे आणि माझ्या हाताखाली तयार झालेल्या एका मुलीकडे. गेल्या वर्षी मला सहज कळलं की मी बांधलेलं प्रत्येक पॅकेज ती मला न सांगता स्वतःच्या भावाच्या संगणकावर पुन्हा लावून बघते. मी ते तसंच चालू दिलं. त्या दिवशी मला वडिलांची फार आठवण आली. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.

आई अजून दांडीतच राहते. त्याच दोन खोल्या आम्ही मावशीकडून पुढे विकत घेतल्या. एका आजारपणानंतर आईचं नाक गेलं. फोडणी करपली तरी तिला कळत नाही. पण माल बांधून झाला की मावशी, गुडघे धरत का होईना, अजून मागच्या दारी येते आणि म्हणते, 'वहिनी, नाक द्या.' आई पदर बाजूला घेते, हुंगते, जरा विचार केल्यासारखं करते आणि सांगते, 'चांगलं आहे, जाऊ दे.' मागच्या खेपेला मी तिथेच होते. मावशीने गाठोडं पुन्हा बांधलं, आईचा हात हातात घेऊन दाबला आणि निघाली. मी तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. आमच्या दारातून दिसणार नाही इतकं पुढे गेल्यावर ती कोपऱ्यावरून वळली आणि जवळच्या अणुऊर्जा केंद्रात कामाला असलेल्या, नुकत्याच राहायला आलेल्या नांदेडच्या कुटुंबाच्या दाराशी थांबली. 'ओ ताई,' तिने हाक मारली, 'जरा नाक द्या तुमचं. आणि आमच्या वहिनीला सांगू नका.'